देवचाफा : नावांची साक्ष आणि तिच्या मर्यादा

काही वर्षांपूर्वी एम्. ए.च्या वर्गात जुन्या मराठीतील वनस्पतिनामांविषयी बोलत असताना प्रस्तुत लेखकाने एक विधान केले होते. 'देवचाफा' ह्या नावातील पूर्वपद पाहता हा वृक्ष आपल्या देवळांच्या आवारात फार प्राचीन काळापासून नांदत असला पाहिजे, असे ते विधान. वर्गात कोणी हरकत घेतली नाही. पुढे एका विद्यार्थिनीने आपल्या प्रबंधिकेत त्याच विधानाच्या आधाराने यादवकालीन वाङ्मयातील 'चांपा' म्हणजे देवळापुढचा पांढरा चाफा होय असे समीकरण मांडले, आणि परीक्षकांनी ते खोडून काढले. चूक तिची नव्हती, शिकविणाऱ्याची होती. त्या चुकीचे परिमार्जन करावे एवढ्याच हेतूने हा विषय हाती घेतला. तपास करता करता मात्र असे दिसून आले की, ह्या एका शोभेच्या झाडाच्या नावांत भाषेच्या अभ्यासकाला सावध करणारे बरेच काही साठलेले आहे.

ज्याला महाराष्ट्रात देवचाफा, खुरचाफा, खैरचाफा किंवा नुसता पांढरा चाफा म्हणतात तो वृक्ष सर्वांच्या पाहण्यातला आहे. जाड, मांसल, ठिकठिकाणी दुभंगलेल्या फांद्या. हिवाळ्यात पाने गळून उघडे पडलेले झाड. फांद्यांच्या टोकांशी पाच पाकळ्यांची, पांढरी आणि आत पिवळी झाक असलेली सुवासिक फुले. आणि पान किंवा फांदी मोडताच झरणारा पांढरा चीक. वनस्पतिशास्त्रात त्याचे नाव प्लुमेरिया रुब्रा. 'रुब्रा' म्हणजे तांबडी. आपल्याकडे सर्वत्र दिसणारे पांढऱ्या फुलांचे झाड हा त्याच जातीचा एक प्रकार होय. वंशनामातील 'प्लुमेरिया' हे पद शार्ल प्ल्युमिए (१६४६–१७०४) ह्या फ्रेंच धर्मोपदेशकाच्या नावावरून आलेले आहे. अँटिलिस बेटांतील वनस्पतींचा त्याने प्रत्यक्ष प्रवास करून अभ्यास केला. टूर्नफोर याने त्याच्या सन्मानार्थ हे नाव योजले आणि १७५३ मध्ये लिनियसने ते कायम केले. ह्या जातीचे मूलस्थान मेक्सिको व मध्य अमेरिका हे होय. तिच्या बहुतेक भावंडांचे घर कॅरिबियन समुद्रातील बेटे.

एवढ्यावरच आमच्या विद्यार्थिनीच्या समीकरणाचा निकाल लागतो. ज्ञानेश्वरीची रचना शके १२१२ ची, म्हणजे इ. स. १२९० ची. कोलंबस अमेरिकेच्या किनाऱ्याला लागला तो १४९२ मध्ये. मधली दोन शतके कोणत्याही व्युत्पत्तीने भरून निघणारी नाहीत. परंतु केवळ कालगणनेने प्रश्न सुटला असे म्हणून थांबणे बरे नव्हे. नाव इतके जुने आणि झाड इतके नवे, हे घडले कसे, हा खरा प्रश्न आहे.

'चाफा' हा शब्द जुना आहे यात संशय नाही. संस्कृत 'चम्पक', प्राकृत 'चंपय', जुनी मराठी 'चांपा' आणि आजचा 'चाफा' ही परंपरा सरळ आहे. शेवटच्या पायरीवर 'प'चा 'फ' झाला, तो 'पनस'चा 'फणस' व्हावा तशा अनियत महाप्राणत्वाने. 'चापेकर' आणि 'चाफेकर' ही दोन्ही आडनावे आजही नांदत असल्यामुळे ह्या पायरीच्या अलीकडची व पलीकडची अशी दोन्ही रूपे जिवंत राहिली आहेत. उच्चाराचीही साक्ष अशीच आहे. 'चाफा' शब्दातील 'च' आपण दंततालव्य उच्चारतो. 'चंपक' किंवा मुलीचे नाव 'चंपा' यांतील 'च' मात्र तालव्य. पहिला शब्द लोकांच्या तोंडून अखंड वाहत आला. दुसरे ग्रंथांतून किंवा शेजारच्या भाषांतून मागाहून घेतलेले आहेत. शब्दाचे वय असे त्याच्या उच्चारात उमटलेले असते. पण ते वय शब्दाचे. शब्द ज्या वस्तूला लावला तिचे नव्हे. आमची मूळ चूक येथेच झाली होती.

प्राचीन चंपक म्हणजे आपला सोनचाफा. अमरकोशात त्याला 'हेमपुष्पक' असा पर्याय दिला आहे आणि तो सोन्यासारख्या पिवळ्या फुलाला चपखल बसतो. पांढऱ्या फुलाला बसत नाही. सोनचाफा मॅग्नोलियाच्या कुळातला आहे. त्याच्या फुलाला पाचाहून पुष्कळ अधिक, सुट्या व लांबट पाकळ्या असतात; त्याला चीक नाही आणि तो देवचाफ्यासारखा वर्षातून काही महिने निष्पर्ण होत नाही. सुवास सोडला तर दोन्ही झाडांत साम्य असे काही नाही. मग एकाचे नाव दुसऱ्याला कसे गेले?

ह्याचे उत्तर मराठीतच आहे. मराठीत 'चाफा' हे एका झाडाचे नाव राहिलेले नाही; सुगंधी फुलांच्या एका मोठ्या घराण्याचे ते आडनाव झाले आहे. हिरवा चाफा सीताफळाच्या कुळातला वेल आहे. भुईचाफा हा हळदीच्या कुळातला कंद. नागचाफा म्हणजे नागकेशर; त्याचे कूळ आणखी निराळे. देवचाफा कण्हेर, तगर, करवंद आणि सातवीण यांच्या कुळातला. एवढी परस्परांशी नाते नसलेली झाडे एका नावाखाली नांदतात, याचा अर्थ असा की 'चाफा' ह्या पदाने आपण कूळ सांगत नाही, गुण सांगतो : घमघमणारे, माळता किंवा वाहता येणारे फूल. ही प्रवृत्ती काही मराठीचीच नव्हे. अमरकोशातच 'चांपेय' हा पर्याय एकदा चंपकाला आणि पुन्हा नागकेशराला दिलेला आढळतो. म्हणजे हे नाव एका झाडावरून दुसऱ्यावर सरकू लागले ते अमेरिकेचा शोध लागण्याच्या कितीतरी आधी. बाहेरून आलेल्या फुलाला घरात घेण्यासाठी दार आधीपासूनच उघडे होते.

दक्षिणेकडे वळले की एक विलक्षण गोष्ट दृष्टीस पडते. कानडीत ह्या झाडाला 'देवकणगिले' म्हणतात, तेलुगूत 'देवगन्नेरु', तमिळमध्ये 'ईळत्तलरि'. 'कणगिले', 'गन्नेरु' आणि 'अलरि' ही तिन्ही कण्हेरीची नावे आहेत. सिंहली 'अरलिय' हा शब्दही ह्या तमिळ नावाचाच सोयरा दिसतो. म्हणजे मराठी माणसाने ह्या पाहुण्याचा वास घेतला आणि त्याला चाफा म्हटले. कानडी-तेलुगू-तमिळ माणसाने त्याची पाने, चीक आणि पाकळ्यांची पिळवटलेली ठेवण पाहिली आणि त्याला कण्हेर म्हटले. शास्त्राच्या कसोटीला दुसरे उत्तर उतरते, कारण कण्हेर आणि देवचाफा खरोखरच एका कुळातले आहेत. मल्याळममध्ये मात्र 'ईळच्चेंपकम्' हे नाव आहे, म्हणजे पुन्हा चंपकच. नामकरणाच्या ह्या दोन पद्धतींची सीमारेषा आर्य-द्राविड भाषांच्या सीमारेषेशी जुळत नाही, हे येथे मुद्दाम नोंदवावेसे वाटते. तसे ती जुळते असे मानण्याचा मोह फार होतो.

'ईळम्' म्हणजे सिंहलद्वीप. तमिळ आणि मल्याळम नावांनी झाडाच्या प्रवासाचा मागील मुक्काम सांगितला आहे. हिंदीत 'गुलचीन' म्हणतात आणि त्याचा अर्थ 'चीनचे फूल' असा लावण्याची प्रथा आहे. परंतु फारसीत 'गुलचीन' म्हणजे फुले खुडणारा असाही सरळ अर्थ होतो, म्हणून ह्या नावाच्या साक्षीवर फार भार टाकू नये. ब्रह्मदेशात मात्र असा संशय उरत नाही. तेथील नावाचा अर्थ 'चिनी चंपक' असाच आहे. मलय भाषेत झाडाचे नाव 'केंबोजा', म्हणजे कंबोडियाचे. बाली बेटावर त्याला 'जेपुन' म्हणतात, आणि जेपुन म्हणजे जपान. लाओसमध्ये 'डोक चंपा' हे नाव आहे. तेथे ते राष्ट्रीय फूल मानले जाते. हा सर्व नकाशा समोर मांडला म्हणजे मौज वाटते. प्रत्येक देश शेजाऱ्याकडे बोट दाखवितो आणि एकही बोट योग्य दिशेला नाही. चीन, जपान, कंबोडिया, सिंहल ह्यांपैकी कोणताही देश ह्या झाडाचे माहेर नव्हे. पण ह्या साक्षी खोट्या म्हणून टाकून देण्यासारख्या नाहीत. साऱ्या मिळून त्या एक गोष्ट निःसंशय सांगतात : आशियाभर ह्या झाडाला लोकांनी परके म्हणून ओळखले होते. नावे देणाऱ्यांना ते परके वाटत होते, इतके ते अलीकडचे होते.

एका ठिकाणी मात्र मूळ नाव टिकून आहे. आस्तेक लोकांच्या नाहुआत्ल भाषेत ह्या झाडाला 'काकालोशोचित्ल' म्हणत. 'काकालोत्ल' म्हणजे कावळा आणि 'शोचित्ल' म्हणजे फूल. १५५२ मध्ये मार्तीन दे ला क्रूस ह्या देशी वैद्याने रचलेल्या आणि हुआन बादियानो याने लॅटिनमध्ये उतरविलेल्या औषधी वनस्पतींच्या ग्रंथात हे नाव येते. साहागुन याने सोळाव्या शतकात संपादिलेल्या मोठ्या कोशवजा ग्रंथातही येते. फिलिपीन्समध्ये आज ह्याच झाडाला 'कालाचुची' म्हणतात. हा तोच शब्द, झिजलेला. १५६५ पासून १८१५ पर्यंत स्पॅनिश गलबते मेक्सिकोतील आकापुल्को आणि फिलिपीन्समधील मनिला ह्या बंदरांमध्ये नियमाने ये-जा करीत होती. फिलिपीन्सच्या भाषांतील बाजार ह्या अर्थाचा 'त्यांगे' आणि रताळे ह्या अर्थाचा 'कामोते' हे शब्दही त्याच मार्गाने नाहुआत्लमधून आले. 'कालाचुची' हे नाव म्हणजे प्रशांत महासागर ओलांडल्याचा दाखलाच होय. रुम्फियस हा १७०२ मध्ये आंबोन बेटावर वारला. त्याच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झालेल्या आंबोनच्या वनस्पतींवरील ग्रंथात हे झाड आहे. म्हणजे सतराव्या शतकाअखेरीस ते पूर्वेकडील बेटांत बागेतले झाड म्हणून रुळलेले होते.

मनिलाच्या पुढे नाव गळून पडले आणि झाड तेवढे पुढे गेले. हे का घडावे? येथे भाषेपेक्षा बागकामाकडे पाहिले पाहिजे, आणि येथेच लेखकाला थोडा स्वानुभव आहे. घराच्या अंगणात देवचाफा लावावा म्हणून एका मित्राच्या दारातील झाडाची फांदी आणली आणि गुलाबाच्या फाट्याप्रमाणे लगेच मातीत खोचून रोज पाणी घातले. तीन आठवड्यांत फांदी बुडापासून कुजली. माळ्याने हसून जी रीत सांगितली ती अशी : झाड निष्पर्ण असते त्या दिवसांत, चैत्र-वैशाखात, हात-दीड हात लांबीची पिकलेली फांदी कापावी, पाने असतील तर काढून टाकावीत, मग ती सावलीत नुसती आडवी टाकून द्यावी. आठ-पंधरा दिवसांत चीक वाळतो आणि कापाच्या तोंडावर खपली धरते. नंतर वाळूमिश्रित, पाणी न धरणाऱ्या जमिनीत ती उभी करावी आणि पाने फुटेपर्यंत पाणी जवळजवळ देऊच नये. ऊन भरपूर हवे. ह्या झाडाला जमिनीचा कस फारसा लागत नाही, मात्र मुळाशी पाणी साचले तर ते टिकत नाही. कडक हिमही त्याला सोसत नाही. उष्ण देशांत ते सर्वत्र पसरले आणि थंड देशांत काचघराबाहेर पडले नाही, त्याचे कारण एवढेच.

माळ्याची ही रीत इतिहासाच्या दृष्टीने बोलकी आहे. ज्या झाडाची फांदी लावण्यापूर्वी वाळविणे आवश्यक आहे, ती फांदी गलबताच्या कोपऱ्यात माती-पाण्याशिवाय कित्येक आठवडे जिवंत राहू शकते. इतर रोपे समुद्रप्रवासात गोड्या पाण्याअभावी आणि खाऱ्या वाऱ्याने मरत. ही काठी मरत नसे. बियांचे तसे नाही. ह्या झाडाला जोडीजोडीने शेंगा येतात व त्यांत पंखधारी बिया असतात. पण आपल्याकडे शेंग धरलेले झाड क्वचित दिसते. बीपासून केलेले रोप आईसारखे निपजेलच असा भरवसा नसतो आणि फुलायला त्याला काही वर्षे जातात. फांदीचे झाड हुबेहूब मूळ झाडासारखे होते आणि लवकर फुलते. त्यामुळे ह्या झाडाचा सारा प्रसार माणसाच्या हातून, काठी-काठीने झाला. एका बंदरातून दुसऱ्या बंदरात, एका देवळातून दुसऱ्या देवळात आणि शेवटी एका कुंपणावरून दुसऱ्या कुंपणावर.

अमेरिकेतून आलेल्या फळांची नावे पाहिली म्हणजे हा फरक अधिक स्पष्ट होतो. 'काजू' आणि 'अननस' ही नावे दक्षिण अमेरिकेतील तुपी-ग्वारानी भाषांतील. पोर्तुगीजांच्या तोंडून ती मराठीत आली. 'टोमॅटो' नाहुआत्लमधून निघून युरोप फिरून आला. फळ बाजारात विकले जाते आणि विकणाऱ्याला मालाचे नाव पुकारावे लागते. मालाबरोबर नावही गिऱ्हाइकाच्या घरी जाते. देवचाफ्याच्या फांदीला गिऱ्हाईक नव्हते. ती कोणी विकली नाही. मागितली आणि दिली. मागणाऱ्याने घरी जाऊन तिला आपल्या भाषेतले नाव ठेवले.

हा नियम निरपवाद आहे असा दावा नाही. सीताफळ अमेरिकेचे, ते फळही आहे आणि बाजारातही येते. तरी त्याचे नाव असे देशी की ते इथलेच वाटावे. कनिंगहॅमसारख्या थोर पुरातत्त्वज्ञाने प्राचीन शिल्पांत सीताफळ ओळखल्याचे मत मांडले होते आणि त्यावर पुष्कळ वाद झाला. १९८९ मध्ये जोहान्सेन आणि पार्कर यांनी सोमनाथपूरच्या होयसळ मूर्तींच्या हातांत मक्याची कणसे असल्याचे प्रतिपादन केले. तेही बहुतेक विद्वानांनी मान्य केलेले नाही. शिल्पातील पाच पाकळ्यांच्या फुलाला देवचाफा ठरविण्यापूर्वी हे वाद आठवावेत. पाच पाकळ्या कण्हेरीला असतात, तगरीला असतात, आणि शिल्पकाराच्या कल्पनेतील फुलालाही असू शकतात.

आता 'देव' ह्या पूर्वपदाकडे वळू, कारण आमच्या चुकीचे मूळ तेथे होते. हे पूर्वपद मराठीत, कानडीत व तेलुगूत समान आहे. श्रीलंकेत इंग्रजीतून ह्याला 'टेंपल ट्री' म्हणतात. कोलंबो येथील पंतप्रधानांच्या अधिकृत निवासस्थानाचे नावही तेच आहे आणि सिंहलीत ते 'अरलियगह मंदिरय' असे होते. देवळाशी असा सर्वत्र संबंध जडला तो झाडाच्या वयामुळे नव्हे, स्वभावामुळे. त्याची फुले ताजी असतानाच अखंड गळतात. पुजाऱ्याला झाडावर चढावे लागत नाही, ओच्यात वेचली की झाले. चीक असल्यामुळे गुरेढोरे त्याला सहसा तोंड लावीत नाहीत. पाण्यावाचून ते जगते. ज्या आवाराची निगा राखायला माळी नाही, तेथे असेच झाड टिकते. दर्ग्यांच्या व कबरस्तानांच्या आवारातही ते तितकेच दिसते, ते ह्याच कारणांनी. मलय प्रदेशात तर ते मुख्यतः थडग्यांजवळचे झाड म्हणून परिचित आहे. थायलंडमध्ये त्याचे जुने नाव 'लान्थोम'. ते दुःखवाचक शब्दाशी उच्चाराने जवळ असल्यामुळे लोक ते घरी लावीत नसत. गेल्या काही दशकांत त्याला 'लीलावदी' हे नवे नाव मिळाले आणि ते हॉटेलांच्या व घरांच्या बागांत आले. 'लीलावती' हा शब्द आपलाच. झाड तेच राहिले, नावाने त्याची जागा बदलली.

'खुरचाफा' ह्या नावातील 'खुर'चा संबंध 'क्षीर'शी जोडून 'चिकाचा चाफा' असा अर्थ काढण्याचा मोह होतो. अर्थ झाडाला शोभतो. पण 'क्षीर'चे मराठीत 'खीर' होते, 'खुर' नव्हे. अर्थ जुळला की ध्वनीकडे काणाडोळा करावा, ही सवय ज्या शास्त्राने मोडली त्या शास्त्राच्या विद्यार्थ्यांनी तरी येथे थांबावे.

व्यवहारात उपयोगी पडावे म्हणून जुन्या ग्रंथांच्या वाचनासंबंधी एक गोष्ट सांगतो. जेथे 'चांपा' किंवा 'चंपक' येईल तेथे आजूबाजूचे शब्द पाहावेत. वर्ण पिवळा किंवा सोनेरी असेल, अंगकांतीला उपमा दिली असेल, भ्रमर ह्या फुलाजवळ जात नाही हा संस्कृत कवींचा संकेत असेल, तर तो सोनचाफाच. अर्थात ह्या संकेतातही एक गंमत आहे. देवचाफ्याच्या फुलात मध नसतो. रात्री भ्रमण करणारे मोठे पतंग केवळ वासाला भुलून त्याच्याकडे येतात आणि काही न मिळता परततात, असे कोस्टा रिकातील झाडांवरील निरीक्षणावरून १९८४ मध्ये प्रसिद्ध झाले. कवींना हे झाड ठाऊक असते तर भ्रमराचा संकेत त्यांनी कदाचित त्यालाच लावला असता. ते ठाऊक नव्हते.

नावे सरकण्याची ही क्रिया संपलेली नाही. पांढऱ्या, गोल पाकळ्यांच्या व सदा हिरव्या पानांच्या दुसऱ्या एका जातीला, प्लुमेरिया ऑब्ट्युसाला, जगभर 'सिंगापूर' हे विशेषण लावले जाते. ती कॅरिबियन बेटांतली आहे. तिसरी जात प्लुमेरिया पुडिका. पनामा, कोलंबिया, व्हेनेझुएला हे तिचे देश. अलीकडे आपल्या शहरांत, वसाहतींच्या कुंपणाशी आणि रस्त्यांच्या मधल्या पट्ट्यांत ती पुष्कळ दिसू लागली आहे. तिचे पान नागाच्या फण्यासारखे असल्यामुळे रोपवाटिकांत तिला 'नागचंपा' म्हणतात. ह्याच अंगणातल्या देवचाफ्याशेजारी मी तिचे एक रोप लावले तेव्हा रोपवाटिकेतील मुलाला मुद्दाम विचारले, "नागचाफा का?" तो म्हणाला, "नाही सर, नागचंपा." त्याचा 'च' स्वच्छ तालव्य होता. नागकेशराच्या जुन्या नागचाफ्यातील 'च' दंततालव्य आहे. दोन्ही झाडांची नावे पुढे लेखनात एक झाली तरी ती कोणत्या वाटेने आली, हे काही काळ तरी ऐकून सांगता येईल.